आवारातील डांबरीकरण (खानदेश)

घर, जिनिंग, पेट्रोल पंप, लग्नाचे लॉन्स अशा खासगी जागेत फाटकापासून आतपर्यंत गाडी जावी म्हणून केलेली डांबरी वाट आणि तिची निगा. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत या कामाला ‘डांबर मारणे’ म्हणतात. निम्मी चूक या ‘मारणे’तच आहे. डांबर हा त्या वाटेचा सर्वांत वरचा आणि सर्वांत पातळ थर असतो. वाट टिकते ती खालच्या मुरूम-खडीवर.

‘डांबर’ हा शब्दही सैल आहे. दगडी कोळशापासून मिळणारे डांबर वेगळे; कपाटातल्या डांबरगोळ्यांचे नॅप्थालीन त्यातूनच आले. रस्त्यावर आज पडते ते बिटुमेन, म्हणजे खनिज तेलाचे शुद्धीकरण झाल्यावर तळाशी उरणारा जड भाग. बोलीभाषा दोन्हींना डांबरच म्हणते आणि या नोंदीतही तेच केले आहे.

इथले ऊन पाहून डांबरकामाला वाळवंटी मुलखाचे नियम लावावेसे वाटतात, पण खानदेश वाळवंट नव्हे. वाळवंटाची रूढ मर्यादा वर्षाला 250 मिमी पावसाची. तापी खोऱ्याच्या सपाटीवर त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. पण एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचा पारा 45° से.ला जाऊन भिडतो आणि त्या वेळी काळा पृष्ठभाग 60 अंशांच्या वर तापलेला असतो. म्हणून वाळवंटी मुलखासाठी सांगितलेले नियम इथे उन्हाळ्यापुरते चालतात आणि पावसाळ्यात तोकडे पडतात. भरीला हिवाळा आहेच : धुळ्यात पहाटेचा पारा कधी कधी एक आकडी होतो. मे महिन्यात मऊ झालेला तोच थर जानेवारीत आक्रसतो आणि जुना असेल तर चिरतो.

खरा शत्रू मात्र खाली आहे. काळी माती कपाशीला आणि केळीला मानवते, वाटेला नाही. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते; मे महिन्यात वावरातल्या भेगांत हात जातो तो यामुळेच. हीच माती फाटकाशीही आहे. तिच्यावर थेट खडी पसरली तर पहिल्या पावसाळ्यात खडी मातीत रुतते आणि चिखल खडीतून वर चढतो. पुढच्या उन्हाळ्यात खालचा आधार आकसला की डांबराला लांबच लांब चीर पडते, बहुधा वाटेच्या कडेला समांतर. मालक म्हणतो, उन्हाने तडकले. ऊन निमित्त असते. मोठ्या रस्त्यांसाठी काळ्या मातीवर 0.6 ते 1 मीटर जाडीचा न फुगणारा थर सुचवला जातो. घरच्या वाटेला एवढे कोणी करत नाही, पण निदान हात-दीड हात काळी माती उपसून तिथे मुरूम भरणे, पाणी मारून थराथराने दाबणे, एवढे तरी टाळता येत नाही. मुरूम महाग पडत असेल तर वरच्या मातीत वजनाच्या 3 ते 5 टक्के चुना कालवून ती दाबतात. चुन्याने मातीचे फुगणे बरेच कमी होते. त्यावर दगडी खडीचे दोन थर, प्रत्येक दाबून 75 मिमी, आणि सांध्यांत बारीक कच. दगडाची ददात नाही. दख्खनचा काळा बेसाल्ट सगळीकडे आहे. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात डांबराचा आकडा पाहण्याआधी खोदाईची ओळ आहे का, ते पाहावे. बहुतेक वेळा ती नसते.

डांबराची प्रत हा उन्हाळ्याचा प्रश्न. भारतीय मानक आयएस 73 मध्ये प्रती चिकटपणावरून ठरतात : व्हीजी-10, 20, 30 आणि 40. सात दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी 38 ते 45 अंश असेल तिथे व्हीजी-30 आणि 45च्या वर व्हीजी-40, असा 2013च्या आवृत्तीतला ढोबळ निकष आहे. खानदेश या दोहोंच्या उंबरठ्यावर बसतो. साध्या मोटारी आणि दुचाक्यांसाठी व्हीजी-30 पुरते. जिनिंगच्या आवारात कपाशीचे ट्रक किंवा रावेर-यावलकडे केळीचे ट्रक उभे राहून वळत असतील तर व्हीजी-40 मागावे. व्हीजी-30चा मृदुबिंदू किमान 47 अंश धरला आहे. कड्यात भरलेल्या डांबरावर पोलादी गोळी ठेवून ते सावकाश तापवतात. गोळी 25 मिमी खाली उतरते ते हे तापमान. मग 60 अंशांच्या आवारात गाडी रुतत का नाही? कारण तेव्हा भार डांबर पेलत नाही, एकमेकींत अडकलेली खडी पेलते. खडी गोल, एकाच मापाची किंवा कमी दाबलेली असली की मात्र चाकाखाली ती सरकते आणि चाकोरी पडते. डांबर हात राखून न घालता सढळ घातले तरी तेच होते. ‘जास्त डांबर म्हणजे मजबूत काम’ हा समज इथल्या उन्हात फार महागात जातो.

काम नोव्हेंबर ते मार्च या काळात उरकावे. दाबलेल्या खडीवर आधी पातळ इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) प्राइम कोट, म्हणजे खडीत मुरणारा पहिला हात. तो मुरायला साधारण दिवस जातो. मग टॅक कोट, म्हणजे वरचा थर चिकटावा म्हणून दिलेला हात. हे इमल्शन फवारताना तपकिरी दिसते आणि पाणी सुटले की काळे पडते; काळे पडण्याआधी वर माल टाकू नये. व्हीजी-30चा गरम माल (डांबर-खडीचे मिश्रण) प्लांटवर 150 ते 165 अंशांचा असतो, पसरताना तो किमान 140 अंशांचा हवा आणि तो 90 अंशांखाली जाण्याआधी रोलर फिरवून झाला पाहिजे. 100 चौरस मीटरला 40 मिमीचा थर द्यायला साधारण 9 ते साडेनऊ टन माल लागतो. एवढ्याशा कामासाठी प्लांट सहसा वेगळा घाणा काढत नाही, म्हणून आवारात पुष्कळदा कुठल्या तरी रस्त्याच्या कामातला उरलेला माल येऊन पडतो. तो ओळखायला थर्मामीटर डंपरमध्ये खुपसावा. तो नसेल तर डोळे आहेत : निळसर धूर म्हणजे माल जळाला, ढेकळे म्हणजे गार झाला, खडी निस्तेज तपकिरी दिसली म्हणजे डांबर अपुरे किंवा करपलेले. कोपऱ्यात रोलर पोचत नाही. तिथे धुमसाने ठोकतात, आणि वाट पहिल्यांदा उखडते तीही तिथूनच. दर मीटरला 2 सेंमी उतार फाटकाकडे किंवा गटाराकडे हवा, घराच्या जोत्याकडे कधीच नको.

नव्या वाटेवर निदान दोन-तीन दिवस गाडी उभी करू नये. उन्हाळ्यात त्याहून जास्त थांबावे. उभ्या गाडीचे स्टिअरिंग जागच्या जागी फिरवले की टायरखाली चंद्रकोरीसारखा ओरखडा उमटतो. मोटारसायकलचा साइड स्टँड तर दुपारी दीड-दोनला बोटभर खाली जातो आणि गाडी हलकेच आडवी होते. म्हणून जाणत्या घरी दाराशी शहाबादी फरशीचा एक तुकडा कायम पडलेला दिसतो, स्टँडखाली सरकवायला. लग्नसराईत मांडववाले याच वाटेत लोखंडी सळया ठोकतात. मांडव उठतो, भोके राहतात, आणि जूनमध्ये पाणी त्यांतून थेट काळ्या मातीपर्यंत पोचते. डिझेल आणि ऑईल डांबर विरघळवतात. ट्रॅक्टर गळत असेल तर त्याची जागा काँक्रीटची करणे बरे.

भर उन्हात डांबर वर येऊन चकाकू लागले, चपला चिकटू लागल्या, तर पाणी मारून तात्पुरते भागते. उपाय एकच : दुपारच्या उन्हात त्यावर कोरडी कच पसरून रोलर फिरवणे. उलट जुनी वाट करडी पडते, कारण ऊन आणि हवेने डांबर कडक होते. तेव्हा इमल्शनचा पातळ सील कोट देतात. जुने इंजिन ऑईल फासून वाट काळी करण्याची पद्धत सर्रास आहे. ती वाटेला पोसत नाही, पोखरते.

डागडुजीचा हंगाम आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास. धाब्याच्या (सपाट मातीच्या छपराच्या) घरांवर पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकण्याचा जुना शिरस्ता होता. वाटेचेही तेच वेळापत्रक आहे. बारीक चिरांत इमल्शन ओतून कच भरावी. खड्डा कसाही गोल न भरता कडा उभ्या कापून चौकोनी करावा, झाडावा, टॅक कोट देऊन माल किंचित उंच भरावा. जाळीदार भेगा पडल्या असतील तर वरून काहीही लावून उपयोग नाही. खालचा मुरूम गेलेला असतो. तेवढा भाग खोदूनच काढावा लागतो. कडुलिंबाची सावली डांबराला मानवते, पण खोड वाटेला खेटून असेल तर मुळे खालची ओल ओढून घेतात आणि तिथली माती बसते.

थरावर थर चढवत गेले की वाट ओट्याच्या बरोबरीला येते आणि पावसाचे पाणी पडवीत शिरते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जुना थर खरवडून काढावा. ते तुकडे टाकून देऊ नयेत. वावराच्या वाटेवर पसरून रोलर फिरवला की उन्हाने ते पुन्हा धरतात.