हायड्रोजनने ठिसूळ होणं वेगळं, हायड्रोजनने पोखरणं वेगळं

परवा परत एकाने रिफायनरीच्या गरम पाइपबद्दल ठोकून दिलं, 'बेकिंग करा, म्हणजे भट्टीत भाजा, हायड्रोजन निघून जाईल'. अरे बाबा, तो इलाज बोल्टचा!

एम्ब्रिटलमेंट म्हणजे स्टीलमध्ये हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होणं. प्लेटिंग करताना हायड्रोजन शिरलेला कडक बोल्ट आवळला, संध्याकाळी ठीक, सकाळी डोकं तुटून खाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर २०१३ ला ९६ पैकी ३२ अँकर रॉड ताणल्यावर दोनेक आठवड्यांत असेच गेले.

दुसरा तो हाय टेम्परेचर हायड्रोजन अटॅक, आणि सगळा घोळ इथेच होतो, कारण इथे हायड्रोजन हायड्रोजन राहतच नाही. साधारण २०० डिग्रीच्या वर, दाबाखाली, तो स्टीलमधल्या कार्बनला धरतो आणि मिथेन होतो. हायड्रोजनचा अणू एवढासा, कुठूनही सटकतो, मिथेन मात्र आत अडकतो आणि ग्रेन बाउंड्रीवर, म्हणजे धातूच्या कणांमधल्या सांध्यांवर, दाब वाढवत वाढवत बारीक फटी पाडतो. बोल्टमधला हायड्रोजन पाहुणा असतो, तडा जायच्या आत १९०-२२० डिग्रीला काही तास भाजलं की बराचसा निघून जातो. पाइपमधला कार्बन गेला तो गेलाच, भाजून काय परत येणारे? उपायही उलटे, बोल्टचा कडकपणा उतरवायचा आणि पाइपला क्रोम-मोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं) स्टील घ्यायचं, कारण ते कार्बन सोडत नाही.

टेस्टिंगही तसंच. बोल्टची नेहमीची टेन्साइल टेस्ट, म्हणजे ओढून तोडायची चाचणी, दोन मिनिटांत उरकून 'पास' लिहिणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, हायड्रोजनला ताणाच्या जागी सरकायला वेळ तर द्या! खाच पाडलेला नमुना त्याच्या तुटायच्या लोडच्या ७५ टक्क्यांवर २०० तास टांगा, नाहीतर अगदी सावकाश ओढा. सिम्युलेशनमध्येही ताण आणि डिफ्युजन (हायड्रोजनचं आत सरकणं) एकत्रच सोडवायचे, वेगवेगळे नाही.

अटॅकला लागतात वर्षं, म्हणून लोक नेल्सन कर्व्ह बघतात, म्हणजे आलेख, तापमान एका बाजूला, हायड्रोजनचा दाब दुसऱ्या, प्रत्येक स्टीलची एक रेघ, आणि रेघेच्या खाली म्हणजे सुरक्षित असं मानतात. पण ती रेघ प्लांटमधल्या अनुभवावरून ओढलेली आहे, निसर्गाचा नियम नाही. अमेरिकेत अॅनाकोर्टेसच्या रिफायनरीत २०१० ला हीट एक्स्चेंजर फुटून ७ जण गेले, आणि तपासात सिम्युलेशन केलं तर फुटलेला भाग कार्बन स्टीलच्या रेघेच्या खालीच चालत होता असं निघालं. त्यामुळे कोणी 'कर्व्हच्या खाली आहोत' म्हटलं की मी आधी विचारतो, तापमान त्या जागेवर मोजलंय का डिझाइनच्या कागदावरून उचललंय?