ज्याला कोणी अडवतच नाही असा बचावपटू

अमेरिकन फुटबॉलविषयी बोलणे निघाले की एक समज हमखास ऐकू येतो: ज्या संघाचा क्वार्टरबॅक पळण्यात तरबेज असतो, तो संघ केवळ त्याच्या पायांच्या बळावर जिंकतो. हा समज चुकीचा आहे असे मला ठामपणे वाटते, आणि त्यासाठी २०१८ सालच्या बाल्टिमोर रेव्हन्स या संघाइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. त्या संघाने मोसमाच्या मध्यावर आपले सगळे आक्रमण एका २१ वर्षांच्या नवोदिताभोवती नव्याने बांधले. त्या बांधणीचा पाया वेग हा नव्हता. मानवी मेंदूला निर्णय घेण्यासाठी लागणारा वेळ हा होता.

आधी खेळाची आवश्यक तेवढी ओळख. दोन्ही बाजूंना ११ खेळाडू असतात आणि आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड, म्हणजे नऊ मीटरांहून थोडे अधिक, पुढे सरकावे लागते. प्रत्येक डावाच्या आरंभी चेंडू क्वार्टरबॅककडे येतो. तो चेंडू तो दूरच्या सहकाऱ्याकडे फेकतो, किंवा शेजारून धावत जाणाऱ्या ‘रनिंग बॅक’च्या हाती देतो, किंवा स्वतः घेऊन पळतो. पळणाऱ्यासाठी वाट मोकळी करणारे सहकारी म्हणजे ब्लॉकर.

नऊ सामन्यांनंतर रेव्हन्सच्या नावावर ४ विजय आणि ५ पराभव होते. त्यांचा अनुभवी क्वार्टरबॅक जो फ्लॅको हा एका जागी उभा राहून लांब पास फेकणारा खेळाडू होता. त्याच्या नितंबाच्या सांध्याला दुखापत झाली आणि लमार जॅक्सनला उतरवावे लागले. जॅक्सन त्या वर्षीच्या खेळाडूनिवडीच्या (तीत संघ पाळीपाळीने नवे खेळाडू घेतात) पहिल्या फेरीत अगदी शेवटी, म्हणजे ३२व्या क्रमांकावर, निवडला गेला होता. मुख्य प्रशिक्षक जॉन हार्बॉ आणि आक्रमणाचे सूत्रधार मार्टी मॉर्निनवेग यांच्या हाती, मधला सुट्टीचा आठवडा धरून, दोन सामन्यांमधले दोन आठवडे होते. १८ नोव्हेंबर रोजी सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध जॅक्सन २५हून अधिक वेळा स्वतः चेंडू घेऊन पळाला, आणि त्याच सामन्यात गस एडवर्ड्स या, निवडप्रक्रियेत कोणीही न घेतलेल्या, रनिंग बॅकने ११५ यार्ड मिळवले. रेव्हन्स २४–२१ असे जिंकले.

एडवर्ड्सचा हा आकडा मला जॅक्सनच्या आकड्यापेक्षा अधिक बोलका वाटतो. जॅक्सनचे यार्ड त्याच्या पायांच्या खात्यावर टाकता येतील, परंतु एडवर्ड्स एका आठवड्यात वेगवान झाला नव्हता. जॅक्सनच्या नुसत्या उपस्थितीमुळे त्याच्यापुढची माणसे कमी झाली होती, आणि ती कशी कमी झाली हाच या लेखाचा विषय आहे.

हिशेब साधा आहे. नेहमीच्या आक्रमणात क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅककडे देतो आणि बाजूला उभा राहतो. चेंडू नेणारा एक, उभा राहिलेला एक, म्हणजे वाट मोकळी करायला उरले ९. समोर बचावपटू मात्र ११. प्रत्येक ब्लॉकरने आपला माणूस चोख अडवला तरी दोन बचावपटू मोकळे राहतात. ‘झोन रीड’ नावाचा डाव ही तूट भरून काढतो, आणि त्याची रीत प्रथमदर्शनी वेडेपणाची वाटते: बचावाच्या फळीत अगदी कडेला उभ्या असलेल्या धिप्पाड खेळाडूला मुद्दाम कोणीही अडवत नाही. त्याच्या वाट्याचा ब्लॉकर आत जाऊन दुसऱ्या कोणाला तरी अडवतो. हा डाव १९९०च्या दशकाच्या आरंभी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या महाविद्यालयात रिच रॉड्रिगेझ या प्रशिक्षकाने घडवला, आणि व्यावसायिक संघांनी तो मनापासून स्वीकारायला पुढे सुमारे वीस वर्षे लागली.

त्या न अडवलेल्या माणसाचे काय होते ते पाहू. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो. एका सेकंदाहूनही कमी काळ चेंडूवर दोघांचे हात असतात आणि दोघे एकत्र सरकत असतात. या अवस्थेला ‘मेश’ म्हणतात. या काळात क्वार्टरबॅकचे डोळे चेंडूवर नसतात, त्या एकाच बचावपटूच्या खांद्यांवर असतात. तो खांदे आत वळवून रनिंग बॅककडे झेपावला, तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि त्या माणसाने नुकत्याच सोडलेल्या जागेतून पळतो. तो जागेवरच थांबला, तर चेंडू रनिंग बॅककडे जातो. म्हणजे त्या माणसाने काहीही केले तरी ते चुकीचेच ठरते, आणि त्याला अंगाला हातही न लावता खेळातून वजा केलेले असते. त्यामुळे नऊ ब्लॉकरांपुढे उरतात दहा बचावपटू, आणि त्यांतला एक बहुधा पार मागे, पास अडवण्यासाठी, उभा असतो. आता प्रत्यक्ष झुंजीच्या जागी दोन्ही बाजू बरोबरीत आल्या.

येथून पुढचा भाग शरीरशास्त्राचा आणि मानसशास्त्राचा आहे, आणि तो मला विलक्षण सुंदर वाटतो. डच शास्त्रज्ञ फ्रान्सिस्कस डोंडर्स याने १८६८ साली दाखवून दिले की ठरलेल्या एकाच संकेताला ठरलेला एकच प्रतिसाद द्यायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा दोन शक्यतांतून एक निवडून प्रतिसाद द्यायला अधिक वेळ लागतो. हा वाढीव वेळ स्नायूंचा नव्हे, निवडीचा असतो. पुढे १९५२ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक याने दिवे आणि बटणे यांच्या साहाय्याने प्रयोग करून या निवडीला गणिती नियम दिला: पर्यायांची संख्या वाढते तसा प्रतिक्रियाकाळ त्या संख्येच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे पर्याय दुप्पट झाले की वेळेत दर वेळी साधारण सारखीच भर पडते, आणि प्रयोगशाळेत ती भर अनेकदा सेकंदाच्या सातव्या भागाच्या आसपास निघते. ऐकायला हे क्षुल्लक वाटेल. परंतु सेकंदाला आठ मीटर धावणारा माणूस तेवढ्यात एक मीटरहून अधिक पुढे जातो, आणि या खेळात पकडणाऱ्याचा हात व पळणाऱ्याची कंबर यांच्यातले अंतर बहुतेक वेळा त्याहून कमी असते.

दुसरी गोष्ट याहूनही चमत्कारिक आहे. एका संकेतावर मेंदूचे काम चालू असतानाच पाठोपाठ दुसरा संकेत आला, तर दुसऱ्याला मिळणारा प्रतिसाद रेंगाळतो. जणू निर्णयाच्या खिडकीपुढे रांग लागते आणि पहिल्याचे काम उरकल्याखेरीज दुसऱ्याला आत घेतले जात नाही. चार्ल्स टेलफर्ड याने १९३१ साली हा परिणाम नोंदवला. रनिंग बॅकची झेप हा बचावपटूसाठी पहिला संकेत असतो आणि क्वार्टरबॅकने चेंडू मागे ओढणे हा दुसरा. दोघांमधले अंतर इतके कमी असते, की दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसूनही पाय पहिल्या निर्णयावरच चालत राहतात.

त्यात जडत्वाची भर पडते. १२० किलो वजनाचा बचावपटू सेकंदाला पाच मीटर वेगाने आत झेपावला असेल, तर अर्ध्या सेकंदात थांबण्यासाठी त्याला सरासरी १,२०० न्यूटन एवढे आडवे बल जमिनीकडून मिळवावे लागते, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके. आणि हे केवळ थांबण्यासाठी, उलट वळून पळण्याचा खर्च वेगळा. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत जाऊन पोहोचल्याशिवाय त्याला उलटे फिरता येत नाही, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तेथे तो खेळाचा नियम असतो. येथे तोच नियम न्यूटन लादतो.

आता या सगळ्याकडे नवोदिताच्या बाजूने पाहा, कारण जुळवणीचे खरे मर्म येथे आहे. पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू हाती येताच अकरा जणांच्या हालचालींतून बचावाची योजना ओळखावी लागते, चार-पाच सहकाऱ्यांपैकी मोकळा कोण ते पाहावे लागते, आणि अंगावर येणाऱ्यांपासून स्वतःला वाचवावे लागते. ही दृष्टी यायला वर्षे लागतात. झोन रीडमध्ये त्याने पाहायचे असते एकाच माणसाकडे, आणि निवडायचे असते दोनच पर्यायांतून. हिकच्या नियमाच्या भाषेत सांगायचे तर निर्णयाचा भार अननुभवी माणसाच्या डोक्यावरून उचलून समोरच्या अनुभवी माणसांच्या डोक्यावर ठेवला जातो. रेव्हन्सच्या प्रशिक्षकांनी जॅक्सनसाठी आक्रमण ‘सोपे’ केले, असे जे म्हटले जाते, ते म्हणून अर्धेच सत्य आहे.

यासाठी मांडणीही बदलली. रेव्हन्सने ‘पिस्टल’ रचनेचा भरपूर वापर केला, जी क्रिस ऑल्ट या प्रशिक्षकाने २००५ साली नेव्हाडा विद्यापीठात आणली होती. तीत क्वार्टरबॅक चेंडू देणाऱ्यापासून सुमारे चार यार्ड मागे उभा राहतो आणि रनिंग बॅक त्याच्या शेजारी नव्हे, तर थेट पाठीमागे. रनिंग बॅक शेजारी असला की तो कोणत्या बाजूला धावणार याचा अंदाज बचावपटूंना बांधता येतो. पाठीमागे असला की दोन्ही बाजू सारख्याच शक्य राहतात. पुन्हा तेच, डाव सुरू होण्याआधीच समोरच्याचे पर्याय दुप्पट. या रचनेत मुरलेला ग्रेग रोमन हा रेव्हन्सच्या प्रशिक्षकवर्गात आधीपासूनच होता, आणि २०१२च्या मोसमात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये कॉलिन केपरनिक याच्यासाठी त्यानेच आक्रमण रचले होते.

पासलाही याचा लाभ झाला. मधल्या फळीतले लाइनबॅकर चेंडू कोणाकडे आहे या संभ्रमात दोन पावले पुढे आले, की त्यांच्या पाठीमागे जागा मोकळी पडते. २२ डिसेंबर रोजी लॉस एंजलिस चार्जर्सविरुद्ध जॅक्सनने, त्याच्यासारख्याच नवोदित असलेल्या मार्क अँड्र्यूजला दिलेल्या पासवर ६८ यार्डांचा टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेला गुण, झाला. सामना रेव्हन्सने २२–१० असा जिंकला. जॅक्सनने सुरुवातीपासून खेळलेल्या सातपैकी सहा सामन्यांत संघ विजयी झाला आणि गटात पहिला आला.

येथे एका जुन्या अंधश्रद्धेविषयी बोलणे आवश्यक आहे. कृष्णवर्णीय खेळाडू ‘निसर्गतःच’ पळणारे असतात आणि क्वार्टरबॅकचे बौद्धिक काम त्यांचे नव्हे, हा समज या खेळात अनेक दशके विज्ञानाचा आव आणून वावरला. वॉरन मून या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला १९७८ साली व्यावसायिक संघांपैकी कोणीही निवडले नाही; तो कॅनडात गेला आणि तेथे एडमंटनच्या संघाने सलग पाच अजिंक्यपदे जिंकली. जॅक्सनलाही २०१८ साली एका नामवंत माजी व्यवस्थापकाने जागा बदलून पास झेलणारा होण्याचा सल्ला दिला होता, जो त्यांनी पुढच्याच वर्षी चूक मान्य करून मागे घेतला. जॅक्सनने निवडीपूर्वीच्या चाचणीत ४० यार्ड धावून दाखवण्यास नकार दिला, कारण त्याला क्वार्टरबॅक म्हणूनच पारखले जावे असे वाटत होते. वर वर्णन केलेल्या मेशमध्ये जे घडते ते पायांत घडत नाही. एका सेकंदाच्या आत, शेकडो वेळा, बरोबर निर्णय घेणे याला बुद्धी म्हणायचे नसेल, तर त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

अर्थात प्रतिस्पर्ध्यांनाही बुद्धी असते. भरपूर सराव झाला की हिकच्या नियमातली वेळेची भर कमी होत जाते, आणि प्रत्येकाने कोणाकडे जायचे हे आधीच ठरवून टाकले की निवड उरतच नाही. २२ डिसेंबरच्या त्या सामन्यानंतर १५ दिवसांनी, ६ जानेवारी २०१९ रोजी, बाद फेरीत तोच चार्जर्स संघ पुन्हा समोर आला. त्यांनी अवजड लाइनबॅकर बाजूला ठेवून मागच्या फळीतले सात चपळ बचावपटू जवळजवळ संपूर्ण सामनाभर खेळवले. हलक्या शरीराला दिशा बदलायला कमी बल लागते, त्यामुळे त्यांची चूक झाली तरी ती लगेच सुधारता येत होती. जॅक्सन हा बाद फेरीत आरंभापासून खेळणारा आजवरचा सर्वांत तरुण क्वार्टरबॅक ठरला, परंतु चौथ्या सत्रात रेव्हन्स २३–३ असे मागे पडले होते. शेवटच्या धडपडीनंतरही ते २३–१७ असे हरले.

उत्तर शोधायला या वेळी दोन आठवडे नव्हे, आठ महिने मिळाले. रोमनकडे आक्रमणाची सूत्रे आली आणि त्याने तीन-तीन ‘टाइट एंड’, म्हणजे अडवणे आणि झेलणे ही दोन्ही कामे करणारे भरभक्कम खेळाडू, एकत्र उतरवले. समोर हलके बचावपटू आले तर ते त्यांना ढकलून वाट काढत. अवजड आले तर जॅक्सन पास फेकत असे. २०१९ च्या मोसमात संघाने धावून ३,२९६ यार्ड मिळवले, हा एनएफएल या व्यावसायिक लीगचा विक्रम होता. जॅक्सनचे स्वतःचे १,२०६ यार्ड हा क्वार्टरबॅकसाठीचा विक्रम होता, आणि त्याच्या पासांवर ३६ टचडाउन झाले. संघ १६ पैकी १४ सामने जिंकला.

आणि तरीही ११ जानेवारी २०२० रोजी बाद फेरीत टेनेसी टायटन्सने त्यांना २८–१२ असे हरवले. रेव्हन्स लवकर मागे पडले. मागे पडलेल्या संघाला धावण्याच्या डावांवर घड्याळ खर्च करणे परवडत नाही, आणि हे समोरच्यालाही ठाऊक असते. चेंडू पोटाशी धरून विचारलेला प्रश्न त्यामुळे प्रश्नच राहत नाही. कडेचा बचावपटू पुन्हा एकाच संकेताकडे पाहू शकतो. त्या रात्री जॅक्सनला ५९ पास फेकावे लागले, त्या मोसमातल्या त्याच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक.