नाक सुधारायचं म्हणजे हाड फोडायचंच का?

‘नाकाचं ऑपरेशन म्हणजे हातोडीने हाड फोडतात’ हे इतक्या वर्षांपासून ऐकवलं जातंय की श्वासाचा त्रास असलेली माणसंही डॉक्टरकडे जायला घाबरतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोन भुवयांच्या मधून बोट खाली सरकवून बघा. वरचा साधारण एक तृतीयांश भाग टणक लागतो, ते हाड. त्याखाली नाक हलतं, दाबलं जातं. तिथे कूर्चा असते, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक भाग. फक्त शेंड्याचा आकार बदलायचा असेल तर बहुतेक वेळा कूर्चेलाच टाके घालतात किंवा ती थोडी कापतात. हाडाला हात लागत नाही. नाक वाकडं असेल, वरचा भाग रुंद असेल किंवा मोठा उंचवटा काढायचा असेल, तेव्हा हाड कापावं लागतं. पण भूल देऊन, बारीक हत्याराने, आखलेल्या रेषेवर.

छेद नाकपुड्यांच्या आत घेतात, किंवा त्यासोबत दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवरही एक छोटा छेद देतात. आतला पडदा वाकडा असल्याने श्वास अडत असेल, तर नुसता पडदा सरळ करता येतो. बाहेरून नाक सहसा तसंच राहतं.

फिलरच्या, म्हणजे त्वचेखाली भरायच्या जेलसारख्या औषधाच्या, इंजेक्शनने खळगा भरतो, पण नाक लहान होत नाही आणि परिणाम तात्पुरता असतो. त्याला ‘निर्धोक’ म्हणणं मला पटत नाही: औषध रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते.

शस्त्रक्रियेनंतरची शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्षभरही लागतं.