कुसळाला जे कळतं, ते बहाव्याला कळतं का?

बहाव्याचे पिवळे घोस लोंबायला लागले की म्हातारीकोतारी माणसं दिवस मोजू लागतात. बहावा फुलला, आता ४५ दिवसांत पाऊस! झाडं वाचायची ही सवय फार जुनी. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत त्यावर एक अध्यायच लिहिला. अर्जुन बहरला तर चांगला पाऊस, कवठ बहरलं तर वारा, खैर आणि शमी बहरले तर दुष्काळ, बिब्बा बहरला तर भय. बिब्ब्याची धास्ती खेड्यांत अजूनही ऐकू येते.

पण झाडाला पुढचं कळतं कसं?

माळावर चालताना कपड्यांत घुसणारं, गवताच्या बीला चिकटलेलं कुसळ घ्या. वाळलेलं असताना त्याला सुंभासारखा पीळ असतो आणि मध्ये ते कोपरासारखं वाकलेलं असतं. तळहातावर ठेवून पाण्याचा एक थेंब सोडा. पीळ उलगडायला लागतो आणि वाकलेलं टोक हळूहळू गोल फिरतं. सुकलं की पुन्हा पीळ. खरं तर कुसळ मेलेलं असतं. त्याच्या पेशींच्या भिंतीतले धागे तिरके गुंडाळलेले असतात, ओल शोषली की या भिंती एका दिशेला जास्त फुगतात, म्हणून पीळ सुटतो. याच फिरण्याने बी मातीत शिरतं. रॉबर्ट हूकने १६६५ साली रानटी ओटच्या अशाच कुसळाला काटा लावून हवेतली आर्द्रता दाखवणारं यंत्र वर्णिलं होतं. म्हणजे कुसळाला कळते ती आत्ताची, अंगाला लागलेली हवा.

बहाव्याचं तसं नाही. तो फुलतो तो सरत्या दिवसांच्या हिशोबावर: वाढता उन्हाळा, लांबणारा दिवस, मुळांशी उरलेली ओल. मान्सूनचे वारे मात्र हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागरावर जमतात. तिथली खबर झाडाला लागण्याचा मार्ग नाही. मग ४५ दिवस जमतात कसे? मुंबईत मान्सून पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. तिथून ४५ दिवस मागे गेलं की २७ एप्रिल येतो, ऐन बहाव्याचे दिवस! दोघंही एकाच उन्हाळ्याला बांधलेले, म्हणून सरासरी वर्षी गणित जुळतं. जुन्या माणसांनी झाडाचं पंचांग केलं, आणि ते अचूक पाहून केलं.

यंदा पाऊस लवकर की उशिरा, हे मात्र त्यातून निघत नाही. केरळात एप्रिलच्या मध्यावर, विषूच्या सणाला, हीच फुलं लागतात. तिथे बहावा आता कित्येकदा फेब्रुवारी-मार्चमध्येच फुलतो. मान्सून काही त्याच्यामागे दोन महिने अलीकडे आलेला नाही.

मला हवी आहे ती एक वही: गावच्या एकाच बहाव्याच्या पहिल्या घोसाची तारीख आणि शेजारी पहिल्या पावसाची, सलग वीस वर्षं लिहिलेली.