सीतेची वेणी

सीतेची वेणी हे झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर वाढणारे उष्णकटिबंधीय ऑर्किड आहे. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूसा, कुल ऑर्किडेसी. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये ही जाती एपिडेंड्रम या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) घातली होती. ऱ्हिंकोस्टायलिस ही वेगळी प्रजाती वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूमे यांनी १८२५ मध्ये मांडली. भारत, श्रीलंका व नेपाळपासून म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया आणि फिलिपीन्सपर्यंत ती आढळते. सह्याद्रीत आंबा, ऐन, फणस अशा झाडांवर ती दिसते. आसाममध्ये तिला कपौ फूल म्हणतात. तेथील ते राज्यपुष्प असून बिहू नाचताना मुली त्याचा घोस अंबाड्यात माळतात.

पुष्कळ जण तिला बांडगूळ समजून झाडावरून ओरबाडून काढतात, हे फार वाईट आहे. बांडगूळ झाडाच्या आत घुसून त्यातले पाणी व क्षार ओढून घेते. सीतेची वेणी ही अपिवनस्पती आहे. ती सालीला फक्त धरून राहते, पाऊस आणि दवावर तहान भागवते, सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातली खनिजे घेते आणि अन्न स्वतःच्या पानांत तयार करते. झाडाकडून तिला उंची आणि उजेड हवा असतो, एवढेच.

एकाच खोडाला शेंड्याकडे नवी पाने येत राहतात. पाने जाड, पट्ट्यासारखी, मधोमध पन्हळ असलेली. टोकाशी खाच असते. मंजरी पानांच्या बगलेतून निघून खाली लोंबते आणि तिच्यावर शंभराहून अधिक फुले दाटीने येऊ शकतात. प्रत्येक फूल साधारण २ सेंमी.चे, पांढरे, गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांचे. ओष्ठ, म्हणजे फुलाची ओठासारखी वेगळी पाकळी, गडद जांभळा असून त्याच्या बुडाशी चपटी पिशवी असते. महाराष्ट्रात मे-जूनच्या सुमारास बहर येतो आणि दोन-तीन आठवडे टिकतो.

ही वनस्पती वाढवायची तर आधी मुळे ओळखायला शिकावे. बाकीचे सगळे त्यातून कळत जाते. मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडे असताना त्यात हवा भरलेली असल्याने मूळ रुपेरी दिसते. पाणी पडले की पेशी भरतात, आवरण पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग वर दिसू लागतो. वाढते टोक मात्र उघडे असते, हिरवे किंवा जांभळट. पाणी घालताना मुळे सगळीकडून हिरवी होईपर्यंत घालावे, आणि पुन्हा रुपेरी झाल्याशिवाय घालू नये.

मातीत ती लावूच नये, कारण हवा न मिळाल्याने मुळे कुजतात. खडबडीत लाकडाच्या ओंडक्यावर मऊ सुतळीने बांधावी किंवा लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत कोळशाचे मोठे तुकडे घालून टांगावी. टोपलीबाहेर लोंबणारी मुळे कापू नयेत. जागा वारंवार बदललेली तिला मानवत नाही. बदलायचीच असेल तर नवी मुळे फुटू लागताना बदलावी, म्हणजे ती नव्या आधाराला लवकर चिकटतात.

सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर झिरपता उजेड तिला लागतो. पाने गर्द हिरवी, लांब आणि मऊ होत असतील तर उजेड कमी पडतो आहे. अशी वनस्पती तजेलदार दिसली तरी फुलत नाही. पानांवर वाळके, करपलेले डाग पडले तर ऊन जास्त झाले. उन्हाळ्यात ओंडक्यावरच्या रोपाला रोज सकाळी पाणी द्यावे, हिवाळ्यात बरेच कमी करावे. संध्याकाळी शेंड्यात पाणी साचू देऊ नये. शेंडा कुजला की वरची वाढ थांबते आणि बगलेतून फुटवा आला तरच रोप वाचते. वाढीच्या दिवसांत विद्राव्य खत अगदी पातळ करून द्यावे. गोगलगाई मुळांची कोवळी टोके खातात. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण आणि खवले कीड लपते, म्हणून तेथे अधूनमधून पाहावे.

परागपुंज, म्हणजे परागकणांचे गोळे, कीटकांच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलापर्यंत जातात. नंतर धरणाऱ्या बोंडात धुळीसारखे असंख्य बी असते, पण त्यात अन्नसाठा नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, म्हणून जंगलातून काढलेले एक रोप सहज भरून निघत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ नड्सन यांनी १९२२ मध्ये साखर व क्षार असलेल्या माध्यमावर बुरशीविना ऑर्किडचे बी रुजवून दाखवले आणि रोपवाटिकांचा मार्ग मोकळा झाला. प्रयोगशाळेत अशा माध्यमावर बाटलीत तयार झालेलीच रोपे घ्यावीत. बाटलीतून काढलेले रोप पहिले काही महिने सावलीत व दमट हवेत ठेवतात आणि मुळे जाड होऊ लागली की लाकडावर बांधतात.