‘नॉस्ट्रिल’मधला ‘ट्रिल’ आला कुठून?

नाकपुडीसाठी इंग्रजीत असलेला ‘नॉस्ट्रिल’ हा शब्द संस्कृत ‘नासारंध्र’चाच अपभ्रंश आहे, असे कोणी सांगितले तर ते चटकन पटते, परंतु उच्चारातील साम्य हा नात्याचा पुरावा नव्हे.

या जोडशब्दाचे जुन्या इंग्रजीतील रूप साधारण ‘नोस्थिर्ल’ असे होते. ‘नोसु’ म्हणजे नाक आणि ‘थिरेल’ म्हणजे भोक. यांपैकी ‘नोसु’ आणि ‘नासा’ हे खरोखरच सगोत्र आहेत, पण ते मायलेकी नसून बहिणी आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा बहुधा आता अस्तित्वात नसलेल्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे संस्कृतचे ब्रिटिश अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात मांडले होते. इंग्रजीही त्याच कुळातील आहे.

‘थिरेल’चा ‘रंध्र’शी मात्र संबंध नाही. हा शब्द ‘आरपार’ या अर्थाच्या ‘थुर्ह’पासून, म्हणजे आजच्या ‘थ्रू’च्या पूर्वजापासून बनला. डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनी 1818 मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये दाखवून दिले, की मूळ भाषेतील स्पर्श व्यंजने (‘प’, ‘त’, ‘द’ यांसारखी, हवा क्षणभर अडवून उच्चारली जाणारी) जर्मानिक शाखेत, म्हणजे इंग्रजी, जर्मन आदी भाषांच्या शाखेत, ठरावीक रीतीने बदलली: ‘प’चा ‘फ’ झाला (पितृ–फादर, पाद–फूट), ‘द’चा ‘ट’ झाला (दश–टेन, द्वि–टू) आणि ‘त’च्या जागी दातांमधून हवा घासत उच्चारला जाणारा ‘थ’ आला (त्रि–थ्री, तनु–थिन, तृष्णा–थर्स्ट). काही सर्वज्ञात अपवाद सोडता हा बदल इतका नियमित आहे, की त्यावरून उलट्या दिशेने शोध घेता येतो. ‘थुर्ह’मधील ‘थ’ मागे नेला की ‘त’ मिळतो आणि आपण ‘पार जाणे’ या अर्थाच्या संस्कृत ‘तॄ’ धातूपाशी पोहोचतो, ज्यातून आपले ‘तरणे’ आणि ‘तीर्थ’ आले. कोणताही शब्द ओढूनताणून संस्कृतला जोडणाऱ्यांना असा नियम दाखवता येत नाही, आणि म्हणूनच त्यांच्या व्युत्पत्तीला शास्त्र म्हणता येत नाही.

पुढे ‘स’ला लागून आलेल्या ‘थ’चा ‘ट’ झाला, तर ‘थिर्ल’मधील ‘र’ स्वराच्या अलीकडे सरकला. यालाच वर्णविपर्यय म्हणतात. ‘वाराणसी’चे ‘बनारस’ होताना ‘र’ आणि ‘ण’ यांची अशीच अदलाबदल झाली. ‘भोक पाडणे’ या अर्थाच्या ‘थिर्लियन’ या जुन्या क्रियापदातही ‘र’ असाच सरकला आणि त्यातून ‘थ्रिल’ हा शब्द तयार झाला. त्याचा मूळ अर्थ भोसकणे असा होता. भावनेने अंगातून शिरशिरी जाणे हा अर्थ त्याला नंतर चिकटला.