वेगळ्या जर्सीतला गडी: लिबेरोचे नियम आले कुठून?

सोलापुरात कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात शालेय मुलांचा व्हॉलीबॉलचा सामना चालला होता. पहिला बॉल सेटरला, म्हणजे शूटरला बॉल चढवून देणाऱ्यालाच उचलावा लागला, म्हणून वेगळ्या रंगाच्या जर्सीतला बुटका पोरगा मागून धावत आला. नेटपासून तीन मीटरवरच्या रेघेच्या आत उभं राहून त्यानं बोटांनी सुरेख बॉल चढवला आणि डावीकडच्या शूटरनं तो कोपऱ्यात ठोकला. टाळ्या पडल्या, तेवढ्यात शिट्टी वाजली. पंचांनी पंजा उघडा ठेवून हात कोपरापासून खाली आणला आणि पॉइंट समोरच्यांना दिला. "अहो पंच, बॉल आत पडलाय की!" काठावरचे पालक उसळले. बॉल आतच पडला होता. चूक त्याच्या आधी, फक्कीच्या रेघेपाशी झाली होती.

त्या जर्सीवाल्याला लिबेरो म्हणतात. हा इटालियन शब्द, अर्थ 'मोकळा'. खरं तर मैदानावर सगळ्यांत जास्त बंधनं याच गड्यावर आहेत. ती कुठून आली हे कळायला आधी रोटेशनकडे, म्हणजे सर्व्हिस मिळाली की सगळ्यांनी एकेक जागा सरकण्याच्या नियमाकडे जावं लागतं.

१८९५ साली अमेरिकेत होल्योक इथे विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ काढला, तेव्हा एका बाजूला किती जण हे ठरलेलं नव्हतं. पुढे १९१२ च्या सुमारास रोटेशन आलं आणि १९१८ ला सहा जणांचा संघ ठरला. रोटेशनचा हेतू सरळ होता: प्रत्येकानं नेटवरही खेळायचं आणि मागंही. आशियात मात्र नऊ जणांचा, रोटेशन नसलेला खेळ बराच काळ टिकला. १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत दोन्ही प्रकार होते, आणि सहा जणांच्या प्रकारात भारताला कांस्य मिळालं. आमच्या गल्लीत तरी रोटेशन कधी कुणी पाळलं? उंच पोरगा नेटला, बुटका मागं. खेळाच्या इतिहासात आम्ही कुठल्या बाजूचे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

मागं खेळणं ही स्वतंत्र कला आहे, हे जगाला दाखवलं जपानच्या मुलींनी. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदाच आला आणि त्यांनी सुवर्ण नेलं. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांनी त्यांना जमिनीवर झेप घेऊन, लोळण घेत बॉल उचलून परत उभं राहायला शिकवलं होतं. त्यातल्या बहुतेक जणी काइझुका इथल्या एका कापडगिरणीच्या संघाच्या. ज्या गावाला भोंग्याच्या आवाजानं जाग येत होती, त्या सोलापुरात ही गोष्ट जरा जास्तच जवळची वाटते.

नंतर मात्र पारडं हल्ल्याकडे झुकलं. खेळाडू उंच होत गेले. १९८४ च्या आसपास ब्राझीलच्या पुरुषांनी उडी मारून करायची सर्व्हिस गाजवली. त्याच वर्षी सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकेनं सर्व्हिस घ्यायचं काम मुख्यतः दोघांवरच सोपवलं: कार्च किराय आणि आल्डिस बर्झिन्स. बाकीच्यांनी बाजूला सरकायचं. नियमात जागा नसतानाही कामाची वाटणी झालीच होती. तरी सहा फूट सात इंचाचा मधला ब्लॉकर, म्हणजे नेटवर हात उंचावून समोरचा हल्ला अडवणारा, रोटेशननं मागं आला की त्याचं काय करायचं? बदली गडी आणावा तर सेटमध्ये बदल्या सहाच, आणि बाहेर काढलेला गडी एकदाच परत येऊ शकतो. एका फेरीतच हिशेब संपला.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळात बदल्यांची मर्यादा बरीच सैल, म्हणून तिथे 'डिफेन्सिव्ह स्पेशालिस्ट' नावाचा गडी रुळला. तो साध्या बदलीनं येतो, जर्सी सगळ्यांसारखीच घालतो, सर्व्हिसही करतो. आपल्याकडे पुष्कळ जण त्याला आणि लिबेरोला एकच समजतात. तसं नाही. लिबेरोची ये-जा बदलीत धरतच नाहीत.

प्रयोग करून पाहिल्यावर आंतरराष्ट्रीय महासंघानं १९९८ ला लिबेरो नियमात आणला. त्या वर्षीच्या जपानमधल्या जागतिक स्पर्धेत तो दिसला, आणि २००० ला सिडनीत ऑलिंपिकमध्ये. याच काळात प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून बॉल मरेपर्यंतच्या खेळाला, पॉइंट देण्याची पद्धतही आली. मागं एक बॉल सुटला की थेट पॉइंट जाऊ लागला, त्यामुळे बॉल उचलणाऱ्याची किंमत आपोआप वाढली.

पण मोजदादीशिवाय आत-बाहेर करणारा गडी दिला की रोटेशनच मोडीत निघण्याची भीती. म्हणून कुंपणं घातली. तो फक्त मागच्या ओळीत खेळणार. ब्लॉक नाही, ब्लॉकचा प्रयत्नसुद्धा नाही. नेटच्या वर असलेला बॉल तो मैदानात कुठूनही पलीकडे मारू शकत नाही. दोन अदलाबदलींच्या मध्ये निदान एक रॅली झालीच पाहिजे. जर्सी वेगळी, म्हणजे पंचाला एका नजरेत तो ओळखू यावा.

सर्व्हिसही नाही, आणि या एका बंदीनं सामन्याची लय ठरते. लिबेरो बहुधा दोन्ही मधल्या ब्लॉकरच्या जागी आलटून-पालटून खेळतो. एक मधला पुढं निघाला की लिबेरो बाहेर, आणि त्याच वेळी मागं आलेला दुसरा मधला सर्व्हिसला. त्याची सर्व्हिस गेली रे गेली की लिबेरो पळत आत. अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या खेळात एका जागेवरून त्याला सर्व्हिस करू देतात. आंतरराष्ट्रीय नियमात नाही.

सगळ्यांत बारीक कलम मात्र त्या शिट्टीचं. लिबेरोनं पुढच्या तीन मीटरच्या पट्ट्यातून बोटांनी बॉल चढवला, तर सोबत्याला तो नेटच्या वर असताना मारून पलीकडे घालता येत नाही. अंडरहँडनं दिला तर चालतं, रेघेच्या मागून बोटांनी दिला तरी चालतं. दुसरा सेटर फुकटात मिळू नये, एवढाच त्यामागचा विचार. मला हे कलम थोडं कंजूष वाटतं, पण ते नसतं तर प्रत्येक संघानं लिबेरो म्हणून सेटरच उभा केला असता.

पुढे कुंपणं थोडी सैल झाली. २००९ पासून संघाला दोन लिबेरो ठेवता येऊ लागले. कर्णधारपद त्याला वर्षानुवर्षं बंद होतं, कारण कर्णधार दर दोन मिनिटांनी बाहेर जाऊन कसं चालेल? २०२१ नंतरच्या नियमावलीनं तेही दिलं. लिबेरो मोठा खेळाडू ठरू शकतो का, हा वाद त्याआधीच ब्राझीलचा लिबेरो सेर्जिओ सांतोस यानं निकालात काढला होता: २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो पुरुषांचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एकही सर्व्हिस न करता.

संकुलातल्या त्या पोराला सरांनी बाजूला घेऊन बुटाच्या टोकानं रेघ दाखवली. पुढच्या सेटमध्ये बॉल परत तसाच आला. या वेळी त्यानं रेघेच्या मागून उडी घेतली, हवेतच बॉल चढवला आणि मग पट्ट्यात उतरला. शूटरनं ठोकला. काठावरून आता समोरच्यांचे पालक ओरडले, "रेघेच्या आत होता तो!" पंचांनी शिट्टी तोंडातून काढली आणि पॉइंट त्या पोराच्या संघाला दिला.